सार्जंट मोन्नप्पाचा शेरा

मार्शलताता आमच्या घरी आले की आधी वाकतात. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले, तरी जीप अंगणात लावून, टोपी काढून ते पडवीच्या तीन पायऱ्या चढतात आणि माझ्या आजेसासऱ्यांच्या पायांना तीन वेळा हात लावतात. आजेसासरे, म्हणजे आमचे ताता, खुर्चीतून पाय जरा पुढे करतात, त्यांच्या टकलावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि हात उचलायच्या आत विचारतात, मिरी उतरवलीस का.

वाकणारे पाडेचंडा मेदप्पा हवाई दलातून एअर मार्शल होऊन निवृत्त झाले. पाय पुढे करणारे पाडेचंडा मोन्नप्पा त्याच हवाई दलातून सार्जंट म्हणून घरी आले. दोघे चुलतभाऊ, एकाच घरात वाढलेले. ताता चाळीस दिवसांनी मोठे, आणि आमच्या कोडगू जिल्ह्यात चाळीस दिवसांनी मोठा तो मोठाच. खांद्यावरच्या पट्ट्या जीपमध्ये ठेवून यायच्या. बंगळूरहून मळ्यावर राहायला येणाऱ्या पाहुण्यांना याचं फार कौतुक. एकदा एकीने पुन्हा वाकायला सांगितलं, तिचा फोटो हलला होता. मार्शलताता वाकले. ताता म्हणाले, आशीर्वाद मात्र एकदाच मिळेल.

पाहुण्यांना जे दिसत नाही ते कळायला मलाही लग्नानंतर वर्ष लागलं. हे दोघे तासन् तास बोलतात ते मिरीच्या भावाबद्दल, कॉफीला लागलेल्या किड्याबद्दल, हॉकीच्या सामन्यात कुठल्या घराण्याने कुणाला धुतलं त्याबद्दल, भातात शिरलेल्या हत्तींबद्दल. आयुष्याची चांगली वर्षं दोघांनीही विमानांत घालवली, पण विमान हा शब्द त्यांच्या बोलण्यात येत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, जुनं काहीतरी आहे, तू कशाला उकरतेस.

मी उकरलं नाही. ते माझ्याकडे चालत आलं.

मार्शलताता मार्चमध्ये ऐंशीचे होणार म्हणून तालुक्यात एक गौरव समिती झाली. चौकात त्यांचा पुतळा बसवायचा आणि त्याच दिवशी त्यांच्या आयुष्यावर एक पुस्तिका काढायची असं ठरलं. समितीचे अध्यक्ष बोपय्या, कॉफीचे व्यापारी, माणूस उत्साही. त्यांनी पुतळ्याचं मातीचं रूप करूनही घेतलं. ताता ते बघायला गेले, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "छातीपर्यंतच आहे होय? बरं झालं. कंबरच नाही म्हटल्यावर वाकायची कटकट गेली." मार्शलताता सगळ्यांच्या आधी हसले.

पुस्तिकेचं लिखाण माझ्याकडे आलं, कारण देचू व्हायच्या आधी मी शाळेत शिकवत होते आणि घरात सगळ्यात बरं अक्षर माझं. देचू आठ महिन्यांची. ती साडेअकराला झोपते असं मी मार्शलताताला सांगितलं होतं आणि ते बरोबर साडेअकराला यायचे, आणि देचू त्या दिवसापासून साडेअकराला झोपेनाशी झाली. मग तेच तिला खांद्यावर टाकायचे. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे आणि सांगत राहायचे. आयुष्यभर माणसांच्या रांगांपुढून चाललेला माणूस, पाऊल मोजून पडायचं. तिसऱ्या फेरीला देचूची मान कलंडायची, तोंडातून लाळेची एक तार त्यांच्या शर्टावर उतरायची. ते आवाज खाली आणायचे पण थांबायचे नाहीत, आणि मी मांडी घालून लिहीत बसायचे.

तर त्यांचं आयुष्य असं. दोघे भाऊ दहा वर्षांचे असताना आमच्या ओढ्यापलीकडच्या भातात एक लहानसं विमान उतरलं, इंजिन बंद पडून. सगळं गाव धावलं. वैमानिक बांधावर बसून कुणीतरी दिलेली गुळाची कॉफी पीत होता. मेदप्पा जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. मोन्नप्पा इंजिनाखाली शिरले आणि त्यांना पाय धरून बाहेर ओढावं लागलं. "तिथेच ठरलं," मार्शलताता म्हणाले, "मी वर, अण्णा खाली."

सोळाव्या वर्षी मोन्नप्पा शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून भरती झाले. घरी येणाऱ्या त्यांच्या पत्रांत ख्यालीखुशाली दोन ओळी आणि जेट इंजिनाची चित्रं दोन पानं असत. तीन वर्षांनी मेदप्पा अकादमीच्या मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, जेट इंजिन चालतं कसं. त्यांनी उभ्या उभ्या फळ्यावर काढून दाखवलं. अधिकारी थक्क झाला. ते सगळं अण्णाच्या पत्रातलं होतं आणि हे मी त्याला सांगितलं नाही, असं मार्शलतातांनी मला लिहायला लावलं. मला तेव्हा वाटलं, प्रेमाने सांगतायत.

मग एकाहत्तरचं युद्ध. एका पुलावर त्यांनी चार वेळा झडप घातली, परत आले तेव्हा पंखाला एवढं भोक होतं की त्यातून मेकॅनिकने डोकं काढून त्यांना हसून दाखवलं. पदक मिळालं. मग नवी विमानं उडवून तपासायचं काम, मग परदेशात शिक्षण, मग स्क्वाड्रन हाताखाली. रोज दोन पानं होत होती. बोपय्या येऊन वाचून जायचे आणि मान डोलवायचे.

एका गुरुवारी मार्शलताता खांबापाशी थांबले, देचूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "टीचर, आता सांगतो ते जसंच्या तसं घे. मऊ करायचं नाही."

सन चौऱ्याऐंशी. मेदप्पा ग्रुप कॅप्टन, उत्तरेकडच्या एका तळाचे प्रमुख. बदलीच्या पहिल्या सकाळी हँगरपुढे माणसं उभी, त्यांत सार्जंट मोन्नप्पा. मोन्नप्पांनी कडक सलाम ठोकला, मेदप्पांनी तो घेतला. संध्याकाळी साध्या कपड्यांत मेदप्पा सार्जंटांच्या वसाहतीत गेले, तिसऱ्या क्वार्टरच्या दारात चप्पल काढली आणि भावाच्या पाया पडले. शेजारच्या खिडक्यांतून सगळी वसाहत बघत होती. दीड वर्ष असं छान चाललं. दिवसा हा सर, रात्री जेवायला तो अण्णा.

प्रत्येक विमानाची एक वही असते. उडायच्या आधी तंत्रज्ञ विमान तपासतो आणि त्या वहीत सही करतो. ती सही पडल्याशिवाय वैमानिक, मग तो कितीही मोठा असो, शिडीवर पाय ठेवत नाही. मग एके दिवशी बाहेरच्या देशाचे पाहुणे यायचे होते आणि सलामीच्या उड्डाणात सगळ्यांत पुढचं विमान खुद्द मेदप्पा नेणार होते. सकाळी सहाला मोन्नप्पांनी ते विमान तपासलं आणि वही मिटून ठेवली. मागच्या नळीच्या कडीला तडा आहे, म्हणाले. इंजिनिअर अधिकारी वाकून बघून आला, त्याला काही दिसलं नाही. दुसरा आला, त्यालाही नाही. पाहुण्यांना यायला चाळीस मिनिटं राहिली. मेदप्पा उड्डाणाचा पोशाख घालून तिथे आले आणि त्यांनी सही करायला सांगितलं. मोन्नप्पा सावधान उभे राहून नाही म्हणाले.

चाळीस माणसं बघत होती. तेव्हा मेदप्पा, इतरांना कळू नये म्हणून, आपल्या कोडव भाषेत बोलले. ते वाक्य मार्शलतातांनी मला दोनदा सांगितलं, एकही शब्द चुकू नये म्हणून.

"हात थरथरतोय का अण्णा? डुकराच्या शिकारीत थरथरायचा तसा?"

तळावर आणखी तिघे कोडव होते. त्यांना कळलं. ते हसले. मोन्नप्पा सुट्टीवर घरी यायच्या आधी ते वाक्य इथे आमच्या विराजपेटच्या बाजारात येऊन बसलं होतं.

सही एका कनिष्ठाने केली. मेदप्पांनी विमान उडवलं, पाहुण्यांच्या डोक्यावरून सरळ रेघेत नेलं आणि लोण्यावर ठेवावं तसं उतरवलं. काहीही झालं नाही. त्या उड्डाणासाठी त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात, सार्जंट मोन्नप्पांच्या पानावर, शेवटचा शेरा तळप्रमुख म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला: अतिसावध, दडपणाखाली निर्णय घेता येत नाही, बढतीस अयोग्य. बढती गेली. दोन वर्षांनी मोन्नप्पा सार्जंट म्हणूनच घरी आले.

मी लिहायची थांबले होते. मार्शलताता म्हणाले, संपलं नाही.

महिन्याभराने त्या विमानाचं इंजिन ठरल्याप्रमाणे उघडलं. कडीला तडा होता. बोटभर. त्याचा कागद मेदप्पांच्या टेबलावर आला, त्यांनी त्यावर आद्याक्षरं टाकली आणि पुढे पाठवला. गोपनीय अहवाल अजून तळावरच होता, पुढे जायला सतरा दिवस होते, शेरा बदलता आला असता. "बदलला नाही," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्या बढतीची यादी त्याच महिन्यात होती. शेरा बदलला असता तर विचारलं असतं, मग उडवलंस का. हेही लिही."

देचू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं, तिचं टोपडं सारखं केलं आणि जीपमध्ये बसून गेले.

त्या दिवशी भात करपला माझा. अडचण साधी होती: ज्या माणसाबद्दल हे पान होतं, त्याच्याच घरात मी राहत होते, त्याच्याच ताटात वाढत होते. दुपारी ताता मिरी उन्हात पसरून आले, हात धुतले आणि स्वतःच विचारलं, आज काय लिहिलं त्याने. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. ताता वाचतात ते ओळीखाली बोट ठेवून. एकेका ओळीखालून बोट सरकायला वेळ लागत होता. शेवटपर्यंत गेले, पान उलटून मागे काही आहे का पाहिलं.

मग म्हणाले, "माझं नाव काढ यातून."

मला वाटलं त्यांना दुखलं. मी म्हटलं, ताता, खरं आहे ना ते, चार लोकांना कळू दे. बाजारात ते वाक्य पोचलं तसं हेही पोचू दे. ताता रागावले नाहीत. मला समजावून सांगावं तसं बोलले.

"हे छापलं की लोक काय म्हणतील? केवढा मोठा माणूस, एवढा मोठा होऊन चूक कबूल केली. टाळ्या त्यालाच. आणि मी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसायचं, त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून? विमान उडवलं तेव्हा टाळ्या त्याला, चूक सांगितली तरी टाळ्या त्याला. नको. मला अडतीस वर्षं माहीत आहे मी बरोबर होतो. मला त्याच्याकडून कळायची गरज नाही."

"मग त्यांनी करायचं तरी काय?"

"जिथे लिहिलं तिथे जावं. माझी फाइल चौकात नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं मार्शलताताला सांगितलं. मऊ करायचं नाही, त्यांनीच शिकवलं होतं. ते भडकले. म्हणाले, अण्णा पहिल्यापासून असाच, हातात दिलेलं कधी घेणार नाही. अडतीस वर्षांपूर्वीची फाइल कुठे, कुणाकडे, कोण उघडणार. आपण पुस्तकात लिहितोय हे काय कमी आहे, किती जण लिहितात. देचूने त्यांचा चष्मा ओढला आणि तोंडात घातला. त्यांनी तो सोडवून घेतला. मग तो शर्टाच्या टोकाने पुसत बसले. शेवटी म्हणाले, कागद दे.

हवाई दलाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला त्यांनी पत्र लिहिलं, की मी लिहिलेला अमुक सालचा शेरा चुकीचा होता, तो काढून टाकावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अत्यंत आदराने, की नियमात बसत नाही. त्यांनी दुसरं लिहिलं. दुसरं उत्तर आणखी आदराने आलं. ते वाचून ते म्हणाले, एवढा आदर आहे म्हणजे फाइल यांच्याकडे आहे.

मधल्या काळात बोपय्या आले. ती पानं त्यांनी माझ्या टेबलावर वाचली होती आणि घाबरले होते. मी तांदळाच्या ओट्ट्या भाजत होते, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. सूनबाई, म्हणाले, पोरं वाचणार हे, शाळांत वाटायचंय. नाव नको तर नको, पण एवढं सगळं कशाला. एका तंत्रज्ञाशी किरकोळ मतभेद झाला असं एक वाक्य घाला, प्रकरण पुढे न्या. मी म्हटलं, ते वाक्य माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. ते म्हणाले, मग दुसऱ्याकडून लिहून घेऊ. मी म्हटलं, घ्या, पण आधी ताताला दाखवा, ते अंगणातच आहेत. बोपय्यांनी अंगणाकडे पाहिलं. ताता कोयता पाजळत होते. बोपय्या काही दाखवायला गेले नाहीत.

ते मार्शलतातांकडे गेले. तिथून जे उत्तर मिळालं ते तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. अण्णा म्हणतो म्हणून ते पान काढायचं, मार्शलताता म्हणाले, आणि ते पान काढलं तर पुस्तक खोटं होईल, म्हणून पुस्तक निघणार नाही, आणि पुस्तक नाही तर पुतळाही नाही. बोपय्यांनी विचारलं, मातीचा झालाय त्याचं काय करू. भिजवा, ते म्हणाले. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. म्हाताऱ्याला चळ लागला इथपासून मोन्नप्पाने सूड उगवला इथपर्यंत. ताता रोज सकाळी बाजारात जाऊन आले, नेहमीच्या हॉटेलात बसले, नेहमीसारखी दोन केळी घेऊन आले.

जानेवारीत मार्शलताता रेल्वेने निघाले. दोन रात्रींचा प्रवास, विमानाने जा म्हटलं तर ऐकेनात, सरकारी खर्चाने खूप उडून झालं म्हणाले. बरोबर माझा नवरा नाचप्पा. पुढचं मला त्याने सांगितलं, आणि तो सांगताना वाढवत नाही.

कार्यालयात एक तरुण स्क्वाड्रन लीडर होती, वय माझ्याएवढंच. ती उठून उभी राहिली, सलाम केला, चहा मागवला. चहा तिथेच गार झाला. तिने नियम समजावला: फाइलीतला कागद काढता येत नाही, कधीच नाही. पण ज्याने शेरा लिहिला तोच स्वतः निवेदन देत असेल, तर ते त्या कागदाला जोडता येतं. मात्र त्याची एक प्रत सरांच्या स्वतःच्या फाइलीतही जाईल. आणि दुसरी प्रत प्रशस्तिपत्रं तपासणाऱ्यांकडे. ते उड्डाण ज्या विमानाने झालं त्याबद्दलच हे आहे म्हटल्यावर ते प्रशस्तिपत्र परत घेतलं जाऊ शकतं. निवृत्तीच्या वेळी सरांची कारकीर्द निष्कलंक अशी नोंद आहे, ती तशी राहणार नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, सर, हे तुमच्याकडे कुणीच मागितलेलं नाही.

"ज्याने मागायला हवं होतं तो मागणार नाही," मार्शलताता म्हणाले. "म्हणून तर मी आलोय. पेन द्या."

तिच्याच टेबलावर बसून त्यांनी निवेदन लिहिलं, दीड पान. नाचप्पा म्हणतो, सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं. बाहेर पडल्यावर गेटवरच्या संत्र्यांच्या गाडीवरून त्यांनी सहा संत्री घेतली आणि फलाटावर बसून सगळी खाल्ली. नाचप्पाला एक दिलं.

फेब्रुवारीत रजिस्टरने ताताच्या नावाचं पाकीट आलं. निवेदनाची प्रत, वर शिक्का, फाइलीला जोडल्याची तारीख. मार्शलतातांना त्यांच्या घरी तसंच आलं असावं, कारण पोस्टमन आमच्या फाटकातून जातोय तोवर त्यांची जीप चढावर दिसली. मी देचूला पडवीत भरवत होते. मार्शलताता चढून आले, वाकले, तीनदा पायांना हात लावला. ताताने आशीर्वाद दिला. मिरीचं विचारलं नाही. पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

मार्शलताता उभेच राहिले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. मी देचूला भात भरवायची ती तशीच हात हवेत धरून बसले आणि देचूच पुढे झुकून माझी बोटं चाटत होती. ताता पहिला परिच्छेद संपवून दुसऱ्यावर गेले. बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा त्याच शब्दावर येऊन थांबलं.

"हे चूक आहे," ताता म्हणाले.

मार्शलतातांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"सार्जंट मोन्नप्पा यांना तडा असल्याची शंका होती. असं लिहिलंयस. मला शंका नव्हती मेदू. मला दिसला होता. आणि कडी दुसरी नाही, तिसरी."

मग मात्र मार्शलताता फुटले. दोन रात्री गाडीत काढल्या या गुडघ्यांवर, म्हणाले. प्रशस्तिपत्र जाणार आहे, काल पत्र आलंय. पुतळा गेला, पुस्तक गेलं, तालुक्यात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, मुलगा फोनवर बोलत नाही, आणि तू एका शब्दावर अडून बसतोस? अडतीस वर्षांनी कोण बघणार आहे दुसरी का तिसरी? त्यांचा आवाज मागच्या मळ्यापर्यंत गेला असेल, कामाच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. देचूने खालचा ओठ बाहेर काढला पण रडली नाही.

ताताने त्यांचं सगळं संपू दिलं.

"शंका आली म्हणून सही न करणारा अतिसावधच असतो," ते म्हणाले. "तुझा तेव्हाचा शेरा मग बरोबरच होता. तोच पुन्हा लिहून आलास तू, जरा गोड करून."

मार्शलतातांनी निवेदन ताताच्या हातातून घेतलं आणि ती ओळ वाचू लागले, ओठ हलवत, जणू दुसऱ्या कुणी लिहिलीय. मग पडवीच्या कडेला, वरच्या पायरीवर बसले. बसताना गुडघा धरावा लागला. खाली अंगणाकडे बघतच त्यांनी विचारलं, "दोन इंजिनिअर वाकून बघून गेले. त्यांना नाही दिसला. तुला कसा दिसला?"

ताता जरा दचकले असं मला वाटलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्या सकाळीही नाही.

"बघून नाही दिसणार. काजळी होती वरून. मी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आत घातला, टॉर्च खालून धरला. तरी नाही दिसला. मग नख फिरवलं कडीवरून, सावकाश, पूर्ण गोल. एका जागी अडकलं. परत फिरवलं, त्याच जागी अडकलं. मग तेवढीच काजळी पुसली आणि आरसा धरला. दिसला."

"नखाला लागला?"

"लागला. तांदळाएवढा होता तेव्हा."

"मला सांगायचं होतंस हे."

"तू विचारलं कुठे. तू थरथरतोय का विचारलंस."

मार्शलतातांनी मान हलवली. मला म्हणाले, टीचर, कागद आण, रेघांचा नको, साधा. मी देचूला कडेवर मारून कागद आणला. ती त्यांच्या पाठीवर हात मारायला लागली म्हणून तिला तिथेच खाली सोडलं. ती त्यांच्या सदऱ्याला धरून उभी राहायला बघत होती. त्यांनी डावा हात मागे करून तिला आधार दिला आणि उजव्या हाताने गुडघ्यावर कागद ठेवला.

वरून ताता सांगायला लागले. आधी तारीख. मग वेळ, सहा वाजून दहा मिनिटं. मग विमानाचा नंबर, तो त्यांना पाठ होता. तिसरी कडी, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला. आरसा. टॉर्च. नख. मार्शलताता लिहीत गेले, एका ठिकाणी थांबून म्हणाले, नख असं सरकारी कागदात लिहीत नाहीत. ताता म्हणाले, नखच लिही. ते लिहिलं.

"झालं?" मार्शलतातांनी विचारलं.

"नाही. लिही, तळप्रमुखांनी सही करायचा हुकूम दिला आणि मी सही केली नाही."

"ते पहिल्या कागदात आहे की अण्णा."

"पुन्हा लिही."

त्यांनी पुन्हा लिहिलं.